वॉटसन्स रिकामं करताना

एस्प्लनेड मॅन्शनमधलं आमचं चेंबर २०१९ च्या उन्हाळ्यात रिकामं झालं. इमारत धोकादायक ठरली होती, हायकोर्टाचा आदेश आला होता आणि पावसाळा तोंडावर होता. या इमारतीत मी ज्युनिअर म्हणून आले आणि वकिली शिकले ती तिथेच. रोज तिच्या जिन्यावरून धावत वरखाली केलं. पण अख्खी इमारत मला दिसली ती सोडून जाताना. ते कसं झालं, हे लिहून ठेवावं असं तेव्हापासून मनात होतं.

मुंबईबाहेरच्या वाचकांसाठी आधी जागा सांगते. काळा घोडा परिसरात महात्मा गांधी रस्त्यावर एका रांगेत एल्फिन्स्टन कॉलेज, डेव्हिड ससून लायब्ररी, आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग आणि मग आमची इमारत. पहिल्या तिन्ही दगडी, तालेवार. चौथी लोखंडाची. बाहेरून पाहणाऱ्याला दिसायच्या त्या गंजलेल्या बाल्कन्या, लोंबणाऱ्या वायरी, ताडपत्र्या, वकिलांच्या नावाच्या पाट्या आणि झेरॉक्सची दुकानं. हायकोर्ट आणि सेशन्स कोर्ट हाकेच्या अंतरावर, त्यामुळे खोलीखोलीत वकील. एके काळी हे वॉटसन्स हॉटेल होतं, हे आम्हां सगळ्यांना ठाऊक होतं. अशील पहिल्यांदा आला की त्याला ते सांगितलंही जायचं. पण ते माहिती म्हणून. रोज तिथे बसणाऱ्याला हॉटेल कुठे दिसायचंच नाही.

त्याचं कारण आमची खोली पाहिली असती तर लगेच कळलं असतं. मूळ हॉटेलातल्या एका ऐसपैस खोलीचे प्लायवूडची पार्टिशनं घालून तुकडे केलेले, त्यातला एक आमचा. वर पोटमाळा, पोटमाळ्यावर फायली. तीन भिंतींना लोखंडी रॅक, रॅकवर लाल फितीत बांधलेली गाठोडी. सरांचं टेबल, माझं टेबल, टायपिस्टचं टेबल, अशिलांसाठी दोन खुर्च्या. अशा किती खोल्या, किती पोटमाळे, किती रॅक, किती कागद त्या इमारतीने दशकानुदशकं पेलले असतील, याचा विचार आम्ही कुणी केला नव्हता. कागद फार जड असतो. तो खाली उतरवायला लागल्यावर हे कळतं.

नोटिशीनंतर भाडेकरूंच्या बैठका झाल्या. जिन्याच्या चौकात उभ्याउभ्याच. काहींचा जायला ठाम विरोध होता, आणि त्यांचा राग मला समजत होता. पगडी, म्हणजे भाड्याखेरीज सुरुवातीलाच एकरकमी पैसे, देऊन घेतलेली जागा, ती सोडायची म्हणजे परत मिळेल का, कधी मिळेल, मिळाली तर कुठे, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. सरांनी मात्र पहिल्याच बैठकीनंतर मला सांगितलं, "आपण जायचं. उद्या खालून जाणाऱ्या माणसाच्या डोक्यावर काही पडलं, तर आपल्या ताब्याच्या हक्काचं काय करायचंय?" २००५ साली पश्चिमेकडच्या बाल्कन्यांचा काही भाग कोसळून एका माणसाचा जीव गेला होता. तो दिवस सर विसरले नव्हते. आमचे क्लार्क मामाही विसरले नव्हते. त्या पावसाळ्यानंतर मामा फूटपाथवरून कधी इमारतीला लागून चालले नाहीत. रस्त्याच्या कडेने यायचे आणि दारापाशी आल्यावर सरळ आत वळायचे. मलाही तेच शिकवलं होतं.

जागा रिकामी करण्याचं काम सामान हलवण्यापुरतं नसतं, निदान वकिलाचं तरी नसतं. आधी चालू केसेसचे कागद वेगळे काढायचे. मग निकाल लागलेल्यांतली अपिलाची मुदत उरलेली प्रकरणं. मग जुनी, पण ज्यांत अशिलाची मूळ कागदपत्रं अडकलेली आहेत ती. खरेदीखतं, मृत्युपत्रं, जन्माचे दाखले, कुणाच्या आजीच्या सहीचं बक्षीसपत्र. मूळ दस्त रद्दीत जाता कामा नये, म्हणून प्रत्येक गाठोडं सोडून पाहायचं. कोर्टाला मे महिन्याची सुट्टी होती म्हणून ते जमलं. मामा पोटमाळ्यावर बसून एकेक गाठोडं खाली द्यायचे, नाव वाचायचे, आणि बहुतेक नावांबरोबर त्यांना ती केस आठवायची. "ही भावाभावांची, मॅडम. दोघंही गेले आता." मी अशिलांना फोन करायचे. काहींचे नंबर लागायचे नाहीत. काहींच्या मुलांनी उचलले आणि वडिलांची अशी काही केस होती हेच त्यांना माहीत नव्हतं.

दुसरं काम ताब्याच्या नोंदीचं. जागा सोडली तरी भाडेकरू म्हणून आपला हक्क शाबूत राहावा, यासाठी प्रत्येक खोलीचं मोजमाप, फोटो, भाडेपावत्यांच्या नकला, वीजबिलं, सगळं नीट जुळवून ठेवायला हवं होतं. इमारतीतल्या अनेक वयस्कर मंडळींना हे एकट्याने झेपणारं नव्हतं. सरांनी मला सांगितलं, आपल्या मजल्यावरच्या ज्यांना हवं त्यांचं तूच करून दे. म्हणून टेप आणि फोन घेऊन मी दारोदार फिरले. आजवर ज्यांच्या दारावरची फक्त पाटी पाहिली होती, त्यांच्या खोल्यांत मी पहिल्यांदा शिरले.

आणि इथे मला हॉटेल भेटायला लागलं.

एकाच्या खोलीत छताच्या कडेला एक सुरेख लोखंडी कमानदार कंस होता, शेजारच्या खोलीत पार्टिशनपलीकडे त्याचा उरलेला अर्धा. दोन्ही भाडेकरू शेजारी म्हणून आयुष्य घालवलेले, आणि दोघांनाही आपापला तुकडा तेवढा ठाऊक. मोजमापं कागदावर मांडायला घेतली तशी खोल्यांमागची एक लय दिसायला लागली. खांब ठरावीक अंतरावर येत होते. पार्टिशनं कशीही वाकडीतिकडी असोत, खांब आपली रांग सोडत नव्हते. आमच्या खोलीत खांब नाही असं मी समजत होते. रॅक हलवल्यावर तो तिथेच निघाला, भिंतीच्याच रंगात रंगवलेला, वायरी गुंडाळलेला.

त्या खांबाजवळ मी बराच वेळ बसले. एके ठिकाणी रंग उडाला होता, तिथे थर मोजता येत होते. वर पिवळट, त्याखाली हिरवा, मग फिका निळा, पुन्हा पिवळट, आणि सगळ्यांत खाली शेंदरी अस्तर. अस्तराखालचं लोखंड काळंभोर आणि गुळगुळीत होतं. दीडशे वर्षांच्या मुंबईच्या हवेत गंजाचा डाग नाही. आणि तिथून हातभर वर, जिथे तुळई खांबाला मिळते आणि वरच्या मजल्यावर कुणाचं तरी बेसिन आहे, तिथे लोखंडाचे पापुद्रे सुटलेले. नखाने ओढला तर पापुद्रा हातात यायचा.

याचा अर्थ मला नंतर एका संवर्धन वास्तुविशारद बाईंनी समजावून दिला. ओतीव लोखंड म्हणजे साच्यात ओतलेलं. ते दाबाला अतिशय भक्कम, पण वाकवलं किंवा ताणलं तर ठिसूळ, म्हणून त्याचे खांब करायचे. घडीव लोखंड तंतुमय, ताण सहन करणारं. ते गंजतं तेव्हा असं पापुद्र्यांनी सुटतं. त्या काळचे इंजिनिअर दोन्ही धातूंचे स्वभाव ओळखून त्यांना काम वाटून द्यायचे. आमच्या खोलीतला रोगही तसा उघड होता. खांब ठणठणीत, आणि तुळईच्या टोकाला वर्षानुवर्षांच्या गळतीचं पाणी. हॉटेल बांधलं तेव्हा तिथे बेसिन नव्हतं. ते आम्ही भाडेकरूंनी, गरज पडेल तसं, मागाहून बसवलेलं.

तेव्हापासून मला या इमारतीचा ध्यास लागला. ती कुणी बांधली, कशी बांधली, हे मी वाचत गेले. दिवसा फायली उतरवायच्या आणि सवड मिळेल तेव्हा एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात किंवा एशियाटिकच्या ग्रंथालयात जायचं. एशियाटिकच्या त्या पायऱ्या चढून जाताना मला दर वेळी बरं वाटायचं. आपल्या शहराने काही जपलंय, याचा तो पुरावा.

गोष्ट सुरू होते कापसापासून. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं. तिथला कापूस इंग्लंडला पोचेना, म्हणून सगळी मागणी मुंबईकडे वळली आणि शहरात पैसा नुसता ओसंडला. त्याच काळात गव्हर्नर बार्टल फ्रियर यांनी फोर्टचा जुना तट पाडायला घेतला, आणि तटाबाहेरच्या एस्प्लनेड मैदानाच्या कडेचे भूखंड विकायला निघाले. त्यातला एक मोक्याचा तुकडा जॉन वॉटसन या इंग्रज कापडव्यापाऱ्याने घेतला. १८६५ मध्ये युद्ध संपलं, कापसाचा भाव गडगडला, मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. वॉटसन तगला, आणि त्याने जे बांधलं ते आजूबाजूच्या कुठल्याच इमारतीसारखं नव्हतं.

आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश या इंजिनिअरचा. या माणसाबद्दल मला फार आदर आहे. १८५१ च्या प्रदर्शनासाठी लंडनमध्ये जो काचेचा आणि लोखंडाचा क्रिस्टल पॅलेस उभा राहिला, त्याच्या कामाच्या नकाशांवर तरुण ऑर्डिशने काम केलं होतं. लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनचं ते प्रचंड कमानदार छप्पर उभारण्यातही त्याचा हात होता, आणि टेम्सवरचा अल्बर्ट पूल त्याच्या पद्धतीचा. वॉटसन्सचे लोखंडी भाग इंग्लंडमध्ये डर्बीच्या फिनिक्स फाउंड्रीत ओतले गेले, जहाजाने मुंबईला आले आणि इथे जोडले गेले. खांब, तुळया, कंस, कठडे, सगळं आधी तयार करून आणलेलं. १८६७ च्या सुमारास काम सुरू झालं आणि १८७१ मध्ये हॉटेल उघडलं. सांगाडा लपवलेला नाही, बाहेरूनच दिसतो. भार सगळा त्या सांगाड्यावर, विटांच्या भिंती मधे भरलेल्या. पुढे गगनचुंबी इमारतींनी जी पद्धत जगभर नेली, तिचं हे फार आधीचं रूप आहे. बहुमजली, पूर्ण लोखंडी सांगाड्याच्या आज उभ्या असलेल्या इमारतींत हिची गणना जगातल्या सर्वांत जुन्यांत होते. त्या वेळच्या लोकांना मात्र ती विचित्रच वाटली. दगडी गॉथिक इमारतींच्या शेजारी हा उघडा सांगाडा पाहून कुणी तिला भलामोठा पक्ष्यांचा पिंजरा म्हटलं.

आत सुमारे १३० खोल्या होत्या, मधल्या चौकाभोवती रचलेल्या. चौकावर काचेचं छप्पर, खाली नाचघर. तळमजल्यावर खाणावळ आणि बार. वाढायला इंग्लंडहून आणलेल्या मुली. आणि प्रवेश फक्त युरोपियनांना. जमशेटजी टाटांना इथे दारातून परत पाठवलं, म्हणून त्यांनी ताज बांधलं, ही कथा मुंबईत प्रत्येकाने ऐकलेली असते. आमच्या इमारतीत तर ती रोज सांगितली जायची. तिला कागदोपत्री आधार मला मिळाला नाही, आणि अनेक इतिहासकारही ती दंतकथाच मानतात. १९०३ साली ताज उघडलं त्यामागे टाटांची स्वतःची मोठी दृष्टी होती. ती एका अपमानाच्या खात्यावर मांडणं मला त्यांच्यावर अन्याय करण्यासारखं वाटतं.

अपमानाचा खरा पुरावा मात्र आहे, आणि तो एका पाहुण्यानेच लिहून ठेवलाय. १८९६ च्या जानेवारीत मार्क ट्वेन इथे उतरला होता. त्याने बाल्कनीच्या कठड्यावर बसणाऱ्या मुंबईच्या कावळ्यांचं वर्णन केलं आहे आणि ते सगळे हौसेने सांगतात. पण त्याच मजकुरात दुसरी एक नोंद आहे. खोली दाखवायला एक धिप्पाड जर्मन माणूस बरोबर आला होता. काहीतरी मनासारखं झालं नाही म्हणून त्याने एका हिंदी नोकराच्या तोंडावर ठोसा मारला. नोकर काही बोलला नाही. ट्वेनला त्या क्षणी आपलं लहानपण आठवलं, अमेरिकेच्या दक्षिणेकडचं, जिथे गुलामांना असंच मारलं जायचं. ते वाचून मी पान मिटलं आणि बराच वेळ तशीच बसले. त्या नोकराचं नाव कुठेही नाही. आमच्या मजल्यावरच्या एखाद्या खोलीतच हे घडलं असेल. या इमारतीचा इतिहास सांगायचा तर हेही सांगितलं पाहिजे. नाचघर आणि काचेचं छप्पर सांगून थांबता येणार नाही.

त्याच वर्षी, ७ जुलै १८९६ रोजी, या हॉटेलात हिंदुस्थानातला पहिला सिनेमा दाखवला गेला. लुमिएर बंधूंचा माणूस मारियस सेस्तिए फिरतं यंत्र घेऊन आला होता. त्या दिवशीच्या टाइम्समधली जाहिरात मी मायक्रोफिल्मवर पाहिली. शतकातला चमत्कार, जगातलं आश्चर्य, अशा थाटाची. संध्याकाळी सहा आणि सात, रात्री नऊ आणि दहा असे चार खेळ, तिकीट एक रुपया. सहा छोट्या फिती होत्या. स्टेशनात येणारी गाडी, कारखान्यातून सुटणारे कामगार, समुद्रस्नान, आणि त्यांतलीच एक म्हणजे एक भिंत पाडतानाचं दृश्य.

खेळ नेमका कुठल्या खोलीत झाला, यावर आमच्या इमारतीत कायमचा वाद होता. तळमजल्यावरच्यांच्या मते तळमजल्यावर, वरच्यांच्या मते वर. मामांचं म्हणणं आमच्याच मजल्यावर. थोड्याच दिवसांत ते खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले आणि सगळ्यांना खुले झाले. ती चित्रं पाहून झपाटलेला एक मराठी माणूस म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावेदादा. त्यांचा छायाचित्रणाचा व्यवसाय होता. त्यांनी इंग्लंडहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमध्ये ठरवून लावलेली कुस्ती चित्रित केली. १९०१ मध्ये रँग्लर परांजपे केंब्रिजचं शिखर गाठून परतले, त्या स्वागताचंही चित्रण त्यांनीच केलं. फाळक्यांच्या कितीतरी आधी. सावेदादांचं नाव आपल्याकडे जितकं घेतलं जायला हवं तितकं घेतलं जात नाही, हे मला मनापासून वाटतं.

पुढचा काळ थोडक्यात सांगते, कारण उताराची गोष्ट सगळीकडे सारखीच असते. ताज आलं, समुद्रावर आलं, वॉटसन्सचा दिमाख ओसरला. हॉटेल बंद झालं, इमारतीने हात बदलले, नाव महेंद्र मॅन्शन झालं, मग एस्प्लनेड मॅन्शन. खोल्यांचे तुकडे पडले, ते भाड्याने गेले. भाडी गोठलेली, त्यामुळे दुरुस्तीला पैसा नाही. दुरुस्ती नाही, त्यामुळे गळती. २००६ च्या जगातल्या शंभर सर्वाधिक धोक्यातल्या वारसास्थळांच्या यादीत वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने तिचं नाव घातलं. मुंबईच्या वारसायादीत ती दुसऱ्या श्रेणीच्या 'अ' गटात होतीच. २०१८ मध्ये युनेस्कोने मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींच्या समूहाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्या परिसरातली ही एक. आमच्या जिन्यात त्या दिवशी कुणीतरी पेढे वाटले होते. त्यानंतर वर्षही झालं नाही तोच आम्ही सामान बांधत होतो.

सामान जाऊ लागलं तसा इमारतीचा चेहरा बदलू लागला. हे मी कधीच विसरणार नाही. ज्याची त्याची पार्टिशनं ज्याच्या त्याच्या मालकीची. चांगलं प्लायवूड कोण सोडतं? सुतार आले, पार्टिशनं उतरवली गेली. आमच्या मजल्यावरच्या सलग चार खोल्या एका आठवड्यात मोकळ्या झाल्या आणि मधे एक लांबरुंद खोली उभी राहिली. तिला उंच दरवाजे होते, ते बाल्कनीकडे उघडत होते. आमच्या चेंबरमधलं जे 'कपाट' होतं, ती मुळात एका दरवाज्याची चौकट निघाली. आणि खांब! एका रांगेत, सारख्या अंतरावर, टोकापर्यंत. सरांना मी हाताला धरून तिथे नेलं. ते त्या खोलीच्या मधोमध उभे राहिले आणि म्हणाले, "इतकी वर्षं आपण हे अडवून बसलो होतो."

मामांनी त्यांची समजूत काढली. "अडवून नाही साहेब, आपण होतो म्हणून कुणी ती पाडली नाही." मला दोघांचंही पटतं. इतके वकील भाडेकरू असलेली इमारत पाडायला जाणं सोपं नव्हतं, आणि इतक्या भाडेकरूंचा भार सोसणं इमारतीला सोपं नव्हतं.

चाव्या दिल्या त्या दिवशी फार काही घडलं नाही. कागदावर सह्या झाल्या, एक प्रत आम्हाला मिळाली, आणि आम्ही टेम्पोबरोबर नव्या जागेकडे गेलो.

पण खरा वाद त्यानंतर रंगला. आयआयटी मुंबईच्या अहवालात दुरुस्ती व्यवहार्य नाही, इमारत पाडावी, असा निष्कर्ष होता. संवर्धन वास्तुविशारदांनी त्याला ठाम विरोध केला. शहराच्या वारसा समितीनेही पाडायला विरोध केला. मी स्थापत्य अभियंता नाही, आणि एखाद्या तांत्रिक अहवालावर शेरा मारायचा माझा अधिकार नाही. पण त्या खोलीत बसून, हाताने स्पर्श करून जे पाहिलं, त्यावरून माझं मत बनलंय आणि ते मी लपवत नाही. ही इमारत सुट्या भागांची जोडून बांधलेली आहे. जी डर्बीहून तुकड्यांनी आली ती तुकड्यातुकड्यांनी दुरुस्त होऊ शकते. सडलेली तुळई काढून तशीच दुसरी घालता येते, शेजारचा खांब न हलवता. दगडविटांच्या भिंतीला हे इतकं सोपं नसतं. वरचा जादा भार काढा, पाणी तोडा, गंजलेले सांधे एकेक करून बदला. खर्चिक आहे, वेळखाऊ आहे, पण अशक्य म्हणण्यासारखं त्यात काही नाही. आणि भार काढण्याचं पहिलं काम तर आम्ही भाडेकरूंनी पोटमाळे रिकामे करून सुरूही केलं होतं.

भाडेकरूंचा हक्क आणि इमारतीचा वारसा हे एकमेकांच्या विरुद्ध आहेत, असं चित्र रंगवलं जातं, तेही मला मान्य नाही. ज्यांनी पगड्या दिल्या, पावत्या जपल्या, त्यांना त्यांच्या जागेचा मोबदला किंवा जागा मिळालीच पाहिजे. पण म्हणून प्रत्येकाला तोच पार्टिशनचा तुकडा परत हवा असेल, असं नाही. आमच्या मजल्यावरच्या बहुतेकांनी ती मोकळी झालेली खोली पाहिली आहे. त्यांच्याशी बोलताना मला जाणवतं की ती पाहिल्यावर त्यांचंही मन बदललंय. तळमजल्यावर सिनेमाचं छोटं दालन व्हावं, सावेदादांचं नाव तिथे ठळक लिहिलं जावं, मधला चौक पुन्हा काचेखाली यावा, वरच्या मजल्यांवर पुन्हा कचेऱ्या आल्या तरी चालतील, पण पार्टिशन खांबांच्या रांगेला धरून घालावं. एवढं झालं तरी खूप झालं. आणि तिथल्या माहितीफलकावर त्या निनावी नोकराची गोष्टही हवी.

मोजमापाचे ते कागद, खोलीखोलीचे फोटो, प्रत्येक खांबाची मी केलेली ओबडधोबड नोंद, हे सगळं मी त्या वास्तुविशारद बाईंना दिलं. त्यांनी सांगितलं की अशा इमारतीच्या दुरुस्तीत आतल्या बाजूचे जुने फोटो सोन्याच्या मोलाचे असतात, कारण मूळ नकाशे हाती नसले की गहाळ झालेला कठडा किंवा कंस नव्याने ओतायचा तर त्याची घडण फोटोवरूनच काढावी लागते. बाहेरून काढलेले फोटो पुष्कळ आहेत, आतले फार थोडे.

तेव्हा एस्प्लनेड मॅन्शनमध्ये ज्यांचं चेंबर होतं, घर होतं, दुकान होतं, जे तिथे टायपिंगला, आर्टिकलशिपला, अशील म्हणून येत होते, त्या सगळ्यांना माझी विनंती आहे. घरातले जुने अल्बम काढून पाहा. चेंबरच्या उद्घाटनाचा, दसऱ्याच्या पूजेचा, कुणाच्या निरोप समारंभाचा, कसलाही फोटो चालेल. माणसांच्या मागे काय दिसतंय ते बघा. जिन्याचा कठडा, छताचा कंस, दरवाज्याची वरची जाळी, फरशीची नक्षी, यांतलं काही दिसत असेल तर तो फोटो चांगल्या प्रतीत स्कॅन करा, मागे मजला, खोली आणि अंदाजे साल लिहा, आणि वारसा संवर्धनाचं काम करणाऱ्या एखाद्या संस्थेकडे द्या. सरांच्या अल्बममधल्या एका फोटोत, त्यांच्या पहिल्या कोटामागे, आता जागेवर नसलेल्या कठड्याचा एक पूर्ण नमुना सापडला आहे.